गाभ टाकणारी डुकरीण आणि शेडमधला ओला कोपरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की लेप्टोस्पायरोसिसच्या, म्हणजे जनावरांच्या लघवीतून पसरणाऱ्या ‘लेप्टो’ रोगाच्या, बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागतात, आणि त्या बहुतेक मुंबई-कोकणच्या असतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली, तेव्हापासून हा शब्द गुडघाभर पाण्याला चिकटला तो चिकटलाच. यवतमाळ, वाशीम, बुलडाण्याकडच्या पशुपालकाला त्यामुळे वाटतं की हा पाणथळ मुलखाचा रोग. आपल्याकडे मार्चपासून विहिरीचा तळ दिसतो, इथे कुठला आलाय लेप्टो? वराहपालनात ही समजूत फार महाग पडते, कारण लेप्टोनं डुकरिणी गाभ टाकतात. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासून १०० माद्या आणि १० नरांच्या प्रकल्पाला ५० टक्के, कमाल ३० लाखांपर्यंत अनुदान आहे. तरुण मंडळी कर्ज काढून या धंद्यात उतरताहेत. जात, खाद्य, शेड, बाजारभाव सगळं त्यांना पाठ असतं. पंधरा दिवसांत चार माद्यांनी गाभ टाकला तर पहिल्या दिवशी काय करायचं, हे मात्र विचारलं की गप्प होतात. म्हणून हे पत्र जरा लांबलं आहे, सांभाळून घ्यावं.

आधी जंतूविषयी. लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा पीळदार, टोकाला आकडा असलेला जंतू. बाहेरच्या जगात तो नाजूक आहे. वाळला की थोड्याच वेळात मेला. कडक ऊन, साबण, ब्लीचिंग, आम्ल, यातलं काहीच त्याला सोसत नाही. म्हणजे कोरड्या मुलखात हा जंतू टिकत नाही, हे म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं डुकराच्या मूत्रपिंडात आहे. बाहेर ४६ अंश असोत की १० अंश, जनावराच्या पोटात बारमाही ३९ अंश आणि ओल असते. मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत हा जंतू घर करतो आणि लघवीवाटे बाहेर पडत राहतो. ‘पोमोना’ नावाचा त्याचा प्रकार तर डुकराला इतका मानवला आहे की लागण झालेलं जनावर पहिला महिनाभर भरमसाट जंतू सोडतं आणि पुढे कित्येक महिने अधूनमधून सोडत राहतं. एवढं होऊनही ते खातं, पितं, अंगही धरतं. विकणाऱ्याला शंका येत नाही, घेणाऱ्यालाही नाही.

लघवी बाहेर पडल्यावर जंतूला पुढच्या जनावराच्या डोळ्याच्या, तोंडाच्या किंवा योनीच्या ओल्या त्वचेपर्यंत, नाहीतर एखाद्या ओरखड्यापर्यंत पोहोचेतो ओल लागते. कोकणात ती सगळीकडे असते. आपल्याकडे ती एकाच जागी असते, आणि सगळी जनावरं नेमकी तिथेच येऊन पडतात.

मे महिन्यात दुपारी दोन वाजता कुठल्याही शेडमध्ये डोकावून पाहा. डुकराला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे तो गारवा शोधतो. कप्प्याची फरशी तापलेली, तीन कोपरे ठणठणीत कोरडे, आणि चौथ्या कोपऱ्यात निपलखाली, म्हणजे डुकरं तोंडानं दाबून पाणी पितात त्या तोटीखाली, दोन हातभर ओल. आठ-दहा जनावरं एकमेकांवर चढून त्याच ओलीत पोट टेकून पडलेली असतात. डुक्कर मोकळी जागा मिळाली तर हगणं-मुतणंही ओल्या कोपऱ्यातच करतं, ही त्याची जुनी सवय. म्हणजे प्यायची, लोळायची आणि मुतायची जागा एकच झाली. निपल सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला चार लिटरच्या वर पाणी खाली जमतं. नुसती लघवी बऱ्याचदा आम्लधर्मी असते आणि त्यात हा जंतू फार टिकत नाही. बोअरचं पाणी मिसळून ती पातळ झाली, आम्लता गेली, की त्याला हवं ते मिळालं. ७ ते ८ सामू (पीएच), कोमट पाणी आणि सावली असली की तो आठवडेच्या आठवडे तग धरतो. फरशी नसलेल्या शेडमध्ये तर आपली काळी माती उलट त्यालाच मदत करते. ती किंचित अल्कधर्मी आहे आणि वरून भेगाळली तरी खालची ओल सोडत नाही.

दुसरी वाट उंदीर-घुशींची. रबी निघाली की शेतात दाणा नाही, नाल्यात पाणी नाही. मग घुशी सरळ खाद्याच्या खोलीत येतात, मक्याच्या भरड्यावर मुततात आणि निपलखालचं पाणी पितात. उंदरांचा जो प्रकार आहे त्याने लहान पिलं पिवळी पडतात, लघवी लालसर होते आणि काही मरतात. तिसरी वाट नराची. वीर्यातून आणि लावणीच्या, म्हणजे मादीला नर दाखवण्याच्या, वेळी लागण होते, आणि आपल्याकडे एक चांगला नर पाच गावं फिरतो. पाऊस पडो न पडो, ही वाट बारा महिने उघडी असते. ब्राझीलच्या ईशान्येला काटिंगा नावाचा काटेरी, अर्धशुष्क पट्टा आहे. तिथल्या डुकरांतही लेप्टोची लागण आढळली आहे. तेव्हा ‘आमच्याकडे पाऊसच नाही’ हे उत्तर कुणी देऊ नये.

आता दिसतं काय ते. मोठी मादी सहसा आजारी दिसतच नाही. एखाद दिवस खाणं कमी, किंचित ताप, आणि तोही कुणी मोजत नाही. लागण झाल्यावर एक ते चार आठवड्यांनी ती गाभ टाकते, आणि तोही शेवटच्या टप्प्यात. डुकरिणीचे दिवस ११४, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. लेप्टोचा गर्भपात बहुधा व्यायला दोन ते चार आठवडे उरलेले असताना होतो. काही माद्या पूर्ण दिवस भरून वितात, पण त्या वेतात दोन मेलेली, तीन मरतुकडी आणि उरलेली बरी अशी पिलं येतात. मरतुकडी पिलं उठून सडाला लागत नाहीत आणि दोन-तीन दिवसांत जातात. मालक म्हणतो, उन्हानं गाभ टाकला. उन्हानं टाकतही असेल, पण उन्हाचा तडाखा सगळ्या कप्प्यांना सारखा बसतो. एकाच निपलवर पिणाऱ्या किंवा एकाच नराला दाखवलेल्या माद्या ओळीनं टाकू लागल्या, तर उन्हाला दोष देऊन मोकळं होऊ नये.

गाभ टाकण्याची कारणं अनेक आहेत. पार्व्हो विषाणूत मादी सहसा गाभ टाकत नाही. वेताच्या दिवशी बोटाएवढी, वीतभर अशी वेगवेगळ्या मापाची काळपट वाळलेली पिलं निघतात. ब्रुसेलात कोणत्याही महिन्यात टाकते आणि नराचे अंड सुजू शकतात. स्वाइन फीवरमध्ये कळपात ताप, लाल-निळे चट्टे आणि मरतूक दिसते. बुरशी आलेल्या मक्यानं लहान माद्यांची योनी सुजते. हे निदान डोळ्यांनी पक्कं होत नाही, पण कुठली तपासणी आधी सांगायची ते ठरतं. त्यासाठी वही लागते. मादीचा बिल्ला नंबर, लावणीची तारीख, कोणता नर, कप्पा, गाभ टाकल्याची तारीख. एवढे पाच रकाने असले तरी पशुवैद्यकाचं अर्धं काम झालं. टाकल्याच्या तारखेपासून चार आठवडे मागे जायचं आणि त्या काळात कळपात काय नवीन आलं ते पाहायचं. बहुतेकदा एखादा नर, विकत आणलेल्या दोन पाठी (तरुण माद्या), नाहीतर बदललेलं पाणी सापडतं.

तपासणीबद्दल जास्त लिहावं लागेल, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. लेप्टोची मान्य तपासणी म्हणजे मॅट (मायक्रोस्कोपिक ॲग्लुटिनेशन टेस्ट). रक्तद्रव पातळ करत जायचा, त्यात जिवंत लेप्टोस्पायरा घालायचे आणि काळ्या पार्श्वभूमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते एकमेकांना चिकटतात का ते पाहायचं. त्यासाठी प्रयोगशाळेला वेगवेगळ्या प्रकारांचे जंतू जिवंत सांभाळावे लागतात, ठरावीक दिवसांनी नव्या माध्यमात वाढवावे लागतात. तालुक्याच्या दवाखान्यात हे होणं शक्य नाही आणि त्यासाठी तिथल्या डॉक्टरांना बोल लावण्यातही अर्थ नाही. नमुना बाहेर पाठवावाच लागतो. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा पुण्यात औंधचा रोग अन्वेषण विभाग यांच्याशी आधी फोनवर बोलून घ्यावं, कुठली तपासणी होते, नमुना कशात हवा, ते विचारावं आणि मगच सुई लावावी.

एका मादीचं रक्त पाठवून काही कळत नाही. किमान १० जनावरं किंवा कळपाच्या १० टक्के, यातला जो आकडा मोठा असेल तेवढे नमुने हवेत: टाकलेल्या माद्या, त्यांच्या शेजारच्या न टाकलेल्या, आणि नर. प्रत्येकी ५ मिली रक्त साध्या, म्हणजे रक्त न गोठवणारं औषध नसलेल्या नळीत घ्यावं. नळी तिरपी ठेवून सावलीत तास-दोन तास राहू द्यावी, वर आलेलं पिवळसर पाणी वेगळ्या नळीत काढावं आणि मग बर्फाच्या डब्यात टाकावं. रक्त काढल्या-काढल्या नळी बर्फाला टेकवली की रक्तपेशी फुटतात, द्रव लाल होतो आणि नमुना वाया जातो. मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत दोन तास राहिलेल्या नळीचं तर बोलायलाच नको. तेच जनावर दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावं. पहिल्या नमुन्यापेक्षा दुसऱ्यात प्रतिपिंडांचं, म्हणजे जंतूशी लढायला रक्तात तयार होणाऱ्या द्रव्यांचं, प्रमाण चौपट झालं तर लागण ताजी. एकदाच १ : १०० आलं, म्हणजे रक्तद्रव शंभरपट पातळ करूनही जंतू चिकटले, तर जनावराचा जंतूशी कधीतरी संबंध आला एवढंच समजतं. उलटही होतं. गाभ टाकेपर्यंत लागण होऊन तीन-चार आठवडे उलटलेले असल्यानं तिचं प्रमाण चढून उतरायला लागलेलं असू शकतं, म्हणून एका कमी आकड्यावर ‘निगेटिव्ह’ म्हणून मोकळं होता येत नाही.

सगळ्यात मोलाचा नमुना म्हणजे टाकलेला गर्भ, आणि तोच कुत्र्यापुढे फेकला जातो. कुत्र्याला लागण होते आणि पुरावाही जातो. गर्भाला उघडा हात लावू नये. रबरी हातमोजे घालून तो अख्खा दोन पिशव्यांत एकात एक बांधावा, बर्फावर ठेवावा, गोठवू नये, आणि २४ तासांच्या आत पोहोचवावा. गर्भाच्या मूत्रपिंडात किंवा जठरातल्या द्रवात पीसीआरनं जंतूचा अंश सापडला तर निदान पक्कं झालं. लघवीचा नमुना द्यायचा असेल तर तो लगेच सामू राखणाऱ्या द्रावणात घ्यावा लागतो. साध्या बाटलीत तासाभरानं जंतूच शिल्लक राहत नाही. कापलेल्या डुकराच्या मूत्रपिंडावर ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके दिसले तर खाटकाला ते बाजूला ठेवायला सांगावं. लेप्टोची ती खूण असू शकते, मात्र दुसऱ्या कारणांनीही येते.

उपचार पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय करू नये, हे आधीच सांगतो. तरी मात्रेचा हिशेब मालकालाही कळला पाहिजे, कारण बहुतेक वेळा औषध बरोबर असतं आणि मात्रा अपुरी पडते. जुना, आजही वापरात असलेला उपाय म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन, किलोला २५ मिलिग्रॅम, स्नायूत. १५० किलोच्या मादीला ३.७५ ग्रॅम लागतात. अडीच ग्रॅमची एक बाटली टोचून ‘दिलं’ म्हटलं तर एक तृतीयांश औषध पोहोचलंच नाही, आणि मूत्रपिंडातला जंतू तसाच राहतो. दुसरा पर्याय लाँग ॲक्टिंग ऑक्सिटेट्रासायक्लिन, किलोला २० मिलिग्रॅम. मिलीला २०० मिलिग्रॅम औषध असलेल्या बाटलीतून त्याच मादीला १५ मिली. एकाच जागी १० मिलीच्या वर देऊ नये, मानेत कानामागे दोन बाजूंना वाटून द्यावं. काटा नसेल तर टेप पुरे. छातीचा घेर मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, त्याला दोन कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि पुन्हा ६९.३ नं गुणा. घेर १.२५ आणि लांबी १.४० असेल तर वजन साधारण १५२ किलो येतं. खाद्यातून टेट्रासायक्लिन द्यायचं ठरलं तर टनाला ४०० ते ८०० ग्रॅम औषध सांगितलेलं असतं. ते औषधाचं वजन आहे, पाकिटाचं नाही. पाकिटावर १० टक्के लिहिलं असेल तर ८०० ग्रॅमसाठी टनाला ८ किलो पावडर लागते. इथे दहापट चूक होते, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. कोणतंही औषध दिल्यावर लेबलवरचे थांबण्याचे दिवस भरल्याशिवाय जनावर विकायला काढू नये. डुकरांची लेप्टोची लस आपल्याकडच्या औषध दुकानात सहजासहजी मिळत नाही. कुत्र्याची लस डुकराला देण्याचा उपद्व्याप कुणी करू नये.

औषधानं जंतू कमी होतात, ओला कोपरा तसाच राहिला तर महिन्याभरात पुन्हा तेच. त्यामुळे खरं काम गवंड्याचं आणि नळवाल्याचं आहे. कप्प्याच्या फरशीला १० फुटांत ३ इंच उतार नालीकडे असावा. निपल नालीच्या बाजूच्या भिंतीवर, जनावराच्या खांद्याच्या उंचीला. पिलं वाढतात तसं वर सरकवता येईल असं. गळणारं वायसर त्याच दिवशी बदलावं, ते दहा-वीस रुपयांचं असतं. नालीतलं पाणी शेडमागे उघड्यावर साचू न देता झाकलेल्या शोषखड्ड्यात न्यावं. उन्हाळ्यात गारव्यासाठी डबकं करण्यापेक्षा पाइपला भोकं पाडून माद्यांच्या मानेवर दोन मिनिटं पाणी टपकवावं आणि अर्धा तास बंद ठेवावं. आपल्या कोरड्या हवेत पाणी झपाट्यानं उडतं आणि अंग थंड होतं, घरातला कूलर चालतो त्याच न्यायानं. दोन मिनिटांचं पाणी अर्ध्या तासात वाळतं; दिवसभर सोडलेली नळी पुन्हा डबकंच करते. पक्का हौद बांधलेलाच असेल तर तो रोज संध्याकाळी रिकामा करून सकाळपर्यंत कोरडा राहू द्यावा. नाल्याच्या ज्या डोहात गावची गुरं पितात तिथे डुकरं सोडू नयेत.

गाभ टाकलेल्या कप्प्यात आधी शेण-घाण खरवडून काढावी, मग लिटरला ३० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर घालून त्या पाण्यानं फरशी भिजवावी, अर्ध्या तासानं धुवावी आणि कप्पा निदान दोन दिवस पूर्ण वाळू द्यावा. शेणावर ब्लीचिंग टाकलं तर क्लोरीन शेणातच संपतं. कच्च्या जमिनीवर वरची वीतभर माती काढून चुना पसरावा. पिण्याच्या टाकीला १००० लिटरमागे २.५ ग्रॅम ब्लीचिंग पुरे, पण टाकीतलं शेवाळ आधी घासलेलं हवं. उंदरांसाठी शेडमध्ये झिंक फॉस्फाईड वापरूच नये, डुक्कर ते खाऊन मरतं. चार इंची पाइपचे दीड फुटाचे तुकडे भिंतीलगत बाहेरून ठेवून त्यात ब्रोमॅडिओलोनच्या वड्या ठेवाव्यात, आणि खाद्याची पोती भिंतीपासून व जमिनीपासून फूटभर दूर मांडावीत. नवीन जनावर ३० दिवस वेगळं, वेगळ्या नालीवर. आल्या दिवशी एक आणि तीन आठवड्यांनी दुसरा रक्तनमुना. भाड्यानं आणलेल्या नरालाही हेच लागू.

माणसाविषयी थोडक्यात. शेड धुणारा, पिलं ओढून काढणारा आणि मांस कापणारा यांना धोका जास्त. गमबूट, हातमोजे आणि पायावरची चीर झाकलेली असावी. लागण झाल्यावर बहुधा ५ ते १४ दिवसांत ताप येतो, पोटऱ्या दाबल्या की ओरडावंसं वाटतं, डोळे लाल होतात; पुढे डोळे पिवळे झाले किंवा लघवी कमी झाली तर तासही घालवू नये. २०१८ मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफसची, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाची, साथ आली, तेव्हापासून आपल्याकडचे डॉक्टर तापात त्याचा विचार करतात, हे चांगलंच झालं. लेप्टोचा विचार व्हायचा तर रुग्णानं ‘मी डुकरांच्या शेडवर काम करतो’ हे स्वतःहून सांगावं लागतं, आणि लोक ते सांगायला लाजतात. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत आयजीएम (रक्तातल्या प्रतिपिंडांची) तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, हेही घरच्यांना माहीत असावं.

प्रशासनाकडे मागणी एकच आहे. २००९ च्या पशूंमधील संक्रामक रोग प्रतिबंध कायद्याच्या अनुसूचीत लेप्टोस्पायरोसिस आहे, आणि संशय आला की कळवण्याची जबाबदारी मालकावर आहे. मालकानं कळवावं असं वाटत असेल तर त्याचा नमुना उचलून नेण्याची सोयही असावी. तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून प्रयोगशाळेला आठवड्यातून एक ठरलेला दिवस, बर्फाचा डबा आणि सही-शिक्क्याचा साधा फॉर्म, एवढ्यानं भागेल. अनुदानाच्या प्रस्तावात शेडचा नकाशा मागतातच. त्यात फरशीचा उतार, निपलची जागा आणि नव्या जनावरांचा वेगळा कप्पा तपासून मगच हप्ता सोडावा. तोवर मालकांनी एवढं लक्षात ठेवावं की नमुना सोमवार ते बुधवारीच पाठवायचा. शुक्रवारी एसटीनं पाठवलेला डबा शनिवार-रविवार कुठेतरी पडून राहतो आणि सोमवारी त्यात बर्फाचं पाणी आणि कुजलेला गर्भ निघतो.

आपले,
वराहपालकांसोबत काम करणारे पशुवैद्यक,
यवतमाळ जिल्हा